वहीतील वजन



हलकीफुलकी कादंबरी म्हणजे कार्यकर्त्याने वेळ दवडण्याची वस्तू, असा आपल्याकडे समज आहे. हेलन फील्डिंग यांची ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ (१९९६) तो तपासायला लावते.

लंडनमधील ही नायिका स्वतःच्या कमाईवर राहते. तरीही रोजनिशीच्या आरंभी हिशेब असतो तो वजनाचा, मद्याचा आणि सिगारेटींचा. वरिष्ठावरील प्रेम फसवणुकीत मोडते, तेव्हा त्या दुसऱ्या स्त्रीच्या तोंडूनही तिच्या देहाचेच माप निघते. वाचक हसतो खरा. पण हिशेबाची ती वही बाजारानेच तिच्या हाती दिलेली असते.

मराठीत हे दुःख त्रेसष्ट वर्षे आधी आले. शिकलेल्या, मिळवत्या, पण अविवाहित स्त्रियांची मने ‘कळ्यांचे निःश्वास’मध्ये १९३३ साली उघडी झाली आणि गदारोळ उठला. मालती बेडेकरांना त्यासाठी ‘विभावरी शिरूरकर’ या नावाआड राहावे लागले. तेथे निःश्वास होता. येथे स्वतःच्या नावाने हसण्याची मुभा आहे. एवढी वाटचाल निश्चित झाली.

परंतु तराजू हटलेला नाही. डोंबिवलीहून सकाळची गाडी पकडून पगार मिळवणाऱ्या मुलीचाही रंग आणि बांधा ‘दाखवण्याच्या’ कार्यक्रमात जोखला जातो. स्त्रीच्या हाती वेतन आले की मुक्ती मागोमाग येईल, ही आपली मांडणी म्हणूनच अपुरी ठरते. वेतन आवश्यक आहे, पुरेसे नाही.

कल्याणला १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय आहे, ठाण्याला १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय. अभ्यासवर्गांनी अर्थशास्त्राच्या ग्रंथांबरोबर अशा कादंबऱ्याही चर्चेला घ्याव्यात.