नभोवाणीचा वाद्यवृंद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या भजनीवर्गात मी पेटीला बसते, म्हणून संगीतावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली. मी विषय निवडला आहे नभोवाणीच्या वाद्यवृंदाचा. तोच का, ते शेवटी सांगेन.

आपल्याकडे मैफल एकाची असते. गवई पुढे, साथीदार मागे. पुष्कळ वादकांनी मिळून, लिहून ठेवलेली एकच रचना वाजवायची ही चाल आपली नव्हे. सतारीची मींड त्या त्या घटकेला सुचायची. ती कागदावर बांधली तर राग उरेल कोठे, अशी शंका जाणते लोक घेत. पण अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी मैहर संस्थानात अनाथ मुलांना हाताशी धरून वाद्यवृंद उभा केला होता. बंदुकीच्या नळ्यांचे नळतरंगही त्यात होते! दिल्ली नभोवाणीवर १९३७ नंतर जॉन फोल्ड्स ह्या इंग्रज संगीतकारानेही देशी वादकांना एकत्र बसवून पाहिले. पण १९३९ मध्ये तो कलकत्त्यास वारला.

पुढे १९५२ मध्ये दिल्लीस आकाशवाणीचा वाद्यवृंद स्थापन झाला. त्याची धुरा होती खाँसाहेबांचेच शिष्य रविशंकर आणि दक्षिणेचे टी. के. जयराम अय्यर ह्यांच्याकडे. सतार, सरोद, वीणा, बासरी, सारंगी, तबला, मृदंगम् अशी वाद्ये आणि जोडीला व्हायोलिन व क्लॅरिनेट. आपला मालकंस तिकडे हिंदोलम् म्हणून ओळखला जातो. तेव्हा उत्तर-दक्षिणेला एका सतरंजीवर बसायला अडचण ती कोणती? रागांवरच्या रचना झाल्या, लोकधुनांवरच्या झाल्या आणि कथानकावरच्याही झाल्या. १९५६ मध्ये बासरीवादक पन्नालाल घोष तेथे आले. त्यांनी ‘कलिंगविजय’ रचले. म्हणजे अशोकाची कथा, पण शब्दावाचून. साठच्या दशकात सिनेसंगीतातले अनिल विश्वास तेथे गेले.

माझ्या पेटीला मात्र ह्या दरबारात जागा नव्हती. तिचे सूर ठरीव, तिच्यातून मींड निघत नाही, म्हणून १९४० पासून सुमारे तीस वर्षे नभोवाणीने तिला उंबऱ्याबाहेर ठेवले. मला राग येतो खरा. पण सारंगी ऐकली की आक्षेप अगदीच खोटा नव्हता हेही पटते.

आता पुण्याकडे येते. आपले केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, गीतरामायण सुरू झाले. शब्द माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, गीते छप्पन्न. मी तेव्हा आठ वर्षांची. आमच्या वाड्यात रेडिओ एकच. शुक्रवारी सकाळी बायका हातातले काम टाकून त्या बिऱ्हाडाच्या ओटीवर जमत. कोणी रेडिओला हळदकुंकू वाही, कोणी हार घाली. एकदा आईने विचारले, “गाणाऱ्याच्या मागून हे काय गं रडल्यासारखे वाजते?” व्हायोलिन, असे कोणीतरी सांगितले. “वाजवतो कोण?” ते मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. गाणाऱ्यांची नावे सर्वांच्या तोंडी होती. त्या साथीत व्हायोलिनवर प्रभाकर जोग होते, हे मला कळले फार वर्षांनी. जोग २०२१ मध्ये गेले. आईने विचारले होते, पण उत्तर तिच्या हयातीत मला देता आले नाही.

आता हा विषय का, ते सांगते. आपल्या एक भगिनी चार वर्षे तंबोऱ्यावर बसल्या. गेल्या दिवाळीनंतर त्या येईनाशा झाल्या. मी कारण विचारले, तर म्हणाल्या, “मी आले काय, न आले काय, कळते कोणाला?” भगिनींनो, गेल्या कार्यक्रमाची पत्रिका मीच लिहिली होती. तीत गाणाऱ्या अकरा जणींची नावे होती, माझेही होते. तंबोरा आणि टाळ धरणाऱ्यांची नव्हती. जागा पुरली नाही, असे मी तेव्हा मनाशी म्हटले. जागा होती.

यंदाची पत्रिका मी पुन्हा लिहिली आहे. सुराला धरून ठेवणाऱ्यांची नावे त्यात प्रथम आहेत. ती घेऊन परवा त्यांच्या घरी गेले. त्यांनी पत्रिका दोनदा वाचली, चहा केला आणि विचारले, “गुरुवारची तालीम चारलाच ना?”