महामारी आणि समाजपरिवर्तन
(वलवण, ता. मावळ येथील व्याख्यानाचा मजकूर)

मुंबई आणि पुणे या दोन महानगरांच्या मधल्या वाटेवर, बोरघाटाच्या माथ्याशी वलवण वसले आहे. लोहमार्ग, जुना राजमार्ग आणि द्रुतगती मार्ग असे तिन्ही मार्ग या परिसरातून जातात. ज्या वाटेने माल येतो, पाहुणा येतो, त्याच वाटेने रोगही येतो, हे घाटमाथ्यावरील माणसाला निराळे सांगावे लागत नाही. १८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला. तो बांधताना हजारो मजूर अपघातांनी आणि पटकीसारख्या रोगांनी मृत्युमुखी पडले. पुढे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला आणि काही महिन्यांतच तो पुण्यात शिरला. २०२० मध्ये महाराष्ट्रातील कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यात आढळले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस घाटातील वर्दळ थांबली.

अशा संकटांतून समाज सुधारतो काय, हा प्रश्न विचारी माणसाला पडतो. त्याचे उत्तर सरळ ‘होय’ असे देता येणार नाही. महामारी ही काही समाजसुधारक नव्हे. ती माणसे मारते, आणि प्रथम दुबळ्यांना मारते. मात्र एरवी झाकून राहिलेल्या उणिवा ती उघड्या पाडते. त्या उणिवा पाहून समाजाने काही कायमचे केले, तरच सुधारणा होते. न केले तर साथ ओसरते आणि दुःख तेवढे मागे उरते. महाराष्ट्राच्या इतिहासात या दोन्ही गोष्टींचे दाखले आहेत.

सक्ती आणि सेवा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. भयाने लाखो लोकांनी शहर सोडले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि त्याच सुमारास पुण्यात रँड यांच्या नेतृत्वाखाली प्लेग समिती नेमली गेली. घरांची झडती लष्करी शिपाई घेऊ लागले. देवघर, माजघर असा भेद राहिला नाही. रोग्यांना घरातून उचलून नेण्यात आले, घरातील सामान जाळण्यात आले. हेतू रोगनिवारणाचा असला तरी माणसांच्या मनाचा विचार त्यात नव्हता. परिणामी लोक रोगापेक्षा तपासणीलाच अधिक भिऊ लागले आणि आजारी माणसे लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्यानंतरच्या काळात सरकारला आपली सक्ती हळूहळू सैल करावी लागली.

त्याच पुण्यात, त्याच वर्षी, दुसरा एक मार्गही दिसला. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या ससाणे माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका दलित कुटुंबातील आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून तेथे आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. डॉ. यशवंत हे एका विधवेचे पुत्र. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले होते. त्या गृहात जन्मलेल्या या बालकाला त्यांनी दत्तक घेतले, वैद्यक शिकविले. ज्या मुलाला समाज जगू देण्यास तयार नव्हता, तोच साथीच्या काळात समाजाला वाचवण्यासाठी उभा राहिला. संकटकाळी उपयोगी पडणारी माणसे संकटाच्या आधी घडवावी लागतात, हे या एका उदाहरणावरून कळते.

जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत डॉ. वॉल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. ‘तुम्ही टोचून घ्या’ असे सांगण्यापूर्वी ‘प्रथम माझ्या दंडावर’ असे म्हणणारा हा शास्त्रज्ञ लोकांचा विश्वास मिळवू शकला. त्यांच्या कार्यातून उभी राहिलेली परळ येथील संशोधनसंस्था १९२५ पासून हाफकिन यांचे नाव धारण करून आहे. साथ गेली, संस्था राहिली. समाजाच्या पदरात पडलेली ही कमाई होय.

खेड्यापाड्यांतील लोकांचे शहाणपणही येथे नमूद केले पाहिजे. गावात उंदीर मरून पडू लागले की घरे सोडून रानात, माळावर झोपड्या घालून राहावयाचे, ही रीत अनेक गावांनी पाळली. उंदरांवरील पिसवांमार्फत प्लेग माणसांत येतो, ही गोष्ट पॉल लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांडली, आणि ती सर्वमान्य व्हावयास आणखी काही वर्षे लागली. ग्रामस्थांना कारण ठाऊक नव्हते. परंतु अनुभवाने उपाय सापडला होता. लोकांचे म्हणणे ऐकून घेणारे प्रशासन अधिक लवकर यशस्वी होते, ते यामुळेच.

शहर सुधारले, पण कोणासाठी?

प्लेगने मुंबईच्या अंधाऱ्या, कोंदट चाळींकडे लक्ष वेधले. १८९८ मध्ये मुंबई नगर सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. रुंद रस्ते काढण्यात आले. दादर, माटुंगा येथे आखीव वसाहती उभ्या राहिल्या. घरात हवा खेळली पाहिजे, उजेड आला पाहिजे, हा विचार नगररचनेत रुजला. परंतु या मंडळाने सुरुवातीच्या वर्षांत जेवढी गरिबांची बिऱ्हाडे पाडली, तेवढी नवी बांधली नाहीत. विस्थापित कामकरी शेजारच्या चाळींत दाटीवाटीने शिरले आणि तेथील गर्दी वाढली. आराखड्यात ज्याला जागा नाही, त्याच्या वाट्याला सुधारणाही येत नाही.

त्यानंतर वीस वर्षांनी, १९१८ मध्ये, इन्फ्लुएन्झाची साथ आली. महाराष्ट्रातील जुनी माणसे तिला ‘मानमोडी’ म्हणत. भारतात एक कोटीहून अधिक माणसे तिने नेली, असे अंदाज आहेत. तरीही प्लेगच्या मानाने तिची आठवण लवकर पुसली गेली. शंभर वर्षांनी कोरोना आला तेव्हा अनेक घरांत ‘आपल्या पणजोबांच्या वेळी असेच झाले होते’ एवढेच काय ते शिल्लक होते. विसरलेल्या संकटातून कोणी काही शिकत नाही.

कोरोनाने काय दाखविले?

२०२० च्या टाळेबंदीत महाराष्ट्राने एक दृश्य पाहिले. डोक्यावर बोचके, कडेवर मूल घेऊन मजूर महामार्गांवरून चालत निघाले होते. ८ मे २०२० रोजी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ लोहमार्गावर थकून झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. ज्यांनी शहरे बांधली, त्यांची नीटशी नोंदही शहरांकडे नव्हती. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ‘ई-श्रम’ ही राष्ट्रीय व्यवस्था सुरू झाली. नोंद म्हणजे न्याय नव्हे. परंतु न्यायाची पहिली पायरी नोंद हीच असते.

दुसरी गोष्ट आशा स्वयंसेविकांची. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. त्या वेळी उंबरठ्यावर उभे राहून ताप मोजणारी बाई अनोळखी शिपाई नव्हती, गावातीलच कोणाची सून वा लेक होती. १८९७ ची घरझडती आणि २०२० ची घरभेट यांतील हा फरक मोठा आहे. तोच साथरोग कायदा २०२० मध्ये दुरुस्त झाला आणि आरोग्यसेवकांवरील हल्ला हा अजामीनपात्र गुन्हा ठरला. असे असले तरी या स्वयंसेविकांना नियमित वेतनाऐवजी मानधनावरच राबावे लागले. साथीच्या दिवसांत टाळ्या वाजविणाऱ्या समाजाने या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे आहे.

हेरवाडचा ठराव

कोरोनाने अनेक तरुण स्त्रियांचे पती नेले. राज्य शासनाने २०२१ मध्ये दोन्ही पालक गमावलेल्या बालकांच्या नावे पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय घेतला. एकल झालेल्या महिलांना योजनांचा लाभ मिळावा म्हणून ‘मिशन वात्सल्य’ हाती घेण्यात आले. परंतु कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे, शुभकार्यात मागे उभे राहणे या गोष्टींना सरकारी योजना काय करणार? तेथे गावानेच पुढे यावयास हवे होते, आणि एक गाव आले. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात असलेल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा, असे आवाहन केले.

सावित्रीबाईंच्या निधनानंतर सव्वाशे वर्षांनी हा ठराव झाला. महामारीने प्रथा मोडली नाही. महामारीने ती एकाच वेळी इतक्या उंबरठ्यांवर आणून उभी केली, की तिच्याकडे पाठ फिरविणे गावाला अशक्य झाले. मोडण्याचा निर्णय माणसांनी घेतला. ठरावाचा कागद दप्तरात राहिला आणि ओटीभरणाच्या वेळी शेजारीण बोलावलीच गेली नाही, तर मात्र तो ठराव वाया गेला असेच म्हणावे लागेल.

साठवण

वलवणच्या माणसाला एक गोष्ट सहज पटेल. घाटमाथ्यावर पाऊस पूर्वीही कोसळत होता आणि दरीत वाहून जात होता. टाटांच्या जलविद्युत योजनेत येथील पाणी बांध घालून अडविले गेले, ते खोपोलीच्या वीजगृहात उतरले आणि १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पाऊस तोच होता, साठवण नवी होती.

साथीच्या दिवसांत समाजात चांगुलपणाचाही पाऊस पडतो. अनोळखी माणसाला डबा पोहोचतो, शेजारी शेजाऱ्यासाठी प्राणवायूची टाकी शोधतो, जात न विचारता अंत्यसंस्कार होतात. हा ओघ अडवून धरण्याचे काम शांततेच्या काळातच करावे लागते. आरोग्य केंद्रातील रिकामी पदे साथ नसताना भरावयाची असतात. परगावच्या मजुराचे नाव तो धडधाकट असतानाच नोंदवहीत आले पाहिजे. विधवा भगिनीला हळदीकुंकवाचे आमंत्रण येत्या संक्रांतीलाच गेले पाहिजे.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल तेव्हा ती याच घाटाने येईल, एवढे मात्र निश्चित. त्या वेळी घाटमाथ्यावरील दारे भीतीने बंद होतात की सेवेसाठी उघडतात, हे आजच्या तयारीवर अवलंबून राहील.