गणवेश कामगाराचा, जबाबदारी आपली

(बांधकाम उपकंत्राटदारांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



रखडलेली बिलं आणि सिमेंट-सळईचे भाव यांवर उद्या सविस्तर चर्चा होणारच आहे. मी आज एकच प्रश्न घेतो. साइटवरच्या आपल्या माणसांनी गणवेश घालावा का? माझ्या मते घालावा. मात्र तो कामाला साजेसा हवा, त्याचा एक पैसाही कामगाराच्या मजुरीतून जाता कामा नये, आणि हा माणूस कोणाच्या जबाबदारीवर काम करतो ते त्यावरून साऱ्या साइटला कळलं पाहिजे.

आज काय चाललंय ते आपण रोज पाहतो. मोठ्या साइटच्या गेटवर प्रत्येकाला एकसारखं नारंगी जॅकेट मिळतं, पाठीवर बिल्डरचं नाव असतं. आत मात्र सेंट्रिंगवाले एकाचे, सळईवाले दुसऱ्याचे, टाइल्सवाले तिसऱ्याचे. परांचीवरून कोणी पडला की बिल्डर मुख्य कंत्राटदाराकडे बोट दाखवतो, कंत्राटदार आपल्याकडे आणि आपण मुकादमाकडे. कंत्राटदाराने मजुरी थकवली तर ती मुख्य मालकाने द्यायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठरवून दिलं होतं. मजुरीला लावलेलं हे तत्त्व जिवालाही लागू व्हायला हवं. म्हणून जॅकेट बिल्डरचं असलं तरी आतल्या शर्टावर आपल्या फर्मचं नाव असू द्या आणि खिशावर कामगाराचं. रेल्वे स्टेशनवर लाल सदऱ्यातल्या हमालाच्या हाती आपण निर्धास्तपणे सामान देतो, कारण दंडावरच्या बिल्ल्याच्या नंबरवरून तो माणूस शोधता येतो. शिवाय कामगाराच्या खिशावर नाव असलं की ‘ए बिगारी’, ‘ए प्लंबर’ अशा हाका मारणाऱ्या इंजिनिअरला त्याला नावाने हाक मारता येईल. उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून आणि आपल्याच मराठवाड्यातून आलेल्या माणसाला एवढा मान मिळायलाच हवा.

आता कामाला साजेसा म्हणजे काय, ते सांगतो. वेल्डरला पॉलिस्टरचा शर्ट दिलात तर ठिणगी पडताच तो वितळून कातडीला चिकटतो. त्याला जाड सुतीच कापड पाहिजे. कटर आणि ग्राइंडर चालवणाऱ्याच्या अंगावर लोंबणारी नाडी किंवा उघडं फडफडणारं जॅकेट म्हणजे अपघाताला आमंत्रण. स्लॅब भरताना ओलं काँक्रीट बुटात शिरलं की पाय भाजतात, तिथे गमबूट लागतात. टॉवर क्रेनच्या सिग्नलमनचं जॅकेट बाकीच्यांहून वेगळ्या रंगाचं हवं, म्हणजे वर बसलेल्या ऑपरेटरला कोणाचा इशारा पाळायचा ते क्षणात कळतं. हेल्मेटसाठी आयएस २९२५, बुटांसाठी आयएस १५२९८, लांबून दिसणाऱ्या जॅकेटसाठी आयएस १५८०९ ही मानकं आहेत. खरेदी करताना शिक्का पाहा, नुसता भाव पाहू नका.

आणि भगिनींचा विचार आधी करा. स्लॅबवर घमेली वाहणारी बाई साडीवर पुरुषी, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते, पदर कमरेला खोचते. सिमेंटपासून हात वाचवण्याचा हा मार्ग तिने स्वतःच शोधला. तिला गणवेश शिवून द्यायचं आपल्यापैकी फार थोड्यांना सुचलं. ती हेल्मेट घालत नाही म्हणून सेफ्टी ऑफिसर तिच्यावर ओरडतो. पण तिच्या डोक्यावर चुंबळ आहे, चुंबळीवर भरलेलं घमेलं आहे. हेल्मेट ठेवायचं कुठे? तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवून ते लिफ्टने किंवा पंपाने वर नेणं, हेच याचं उत्तर. काम कसं चालतं ते न पाहता ठरवलेला गणवेश तिला फक्त दंड भरायला लावेल.

आता पैशाचं बोलू. आपल्यातले काही जण म्हणतात, माणसं टिकत नाहीत, शर्ट घेऊन गावाला निघून जातात. जाऊ द्या. सेंट्रिंगची प्लाय झिजते तो खर्च आपण दरात धरतोच ना, तसाच हाही हिशेबात धरा. तीन माणसं घेऊन दिवसात तीन साइट फिरणाऱ्या प्लंबरची अडचण मात्र खरी आहे. त्याची कोंडी होते ती निविदेत. सुरक्षेचा खर्च दरातच गृहीत धरला की सर्वांत कमी दर भरणारा आधी त्यालाच कात्री लावतो. म्हणून गणवेश आणि सुरक्षासाहित्य ही निविदेत स्वतंत्र बाब असावी. तिची रक्कम आधीच ठरलेली असावी, तिच्यावर स्पर्धा नसावी. नाक्यावरून एका दिवसासाठी आलेल्या कामगाराला साइटच्या स्टोअरमधून धुतलेलं जॅकेट, हेल्मेट आणि मापाचे बूट मिळावेत.

कपडे बदलायला जागा आणि अंघोळीला पाणी, हेही गणवेशाबरोबरच आलं पाहिजे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने साइटवर पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह बंधनकारक केलं, पन्नासहून अधिक महिला असतील तिथे पाळणाघरही. सिमेंटने माखलेल्या कपड्यांत लोकलमध्ये चढलेल्या गवंड्यापासून लोक अंग चोरून उभे राहतात. त्याने बांधलेल्या इमारतींतच त्यांतले कित्येक जण राहतात. कामाचे कपडे साइटवर ठेवून स्वच्छ कपड्यांत घरी जाणं हा त्याचा हक्क आहे. सोसायटीत फर्निचरच्या कामाला गेलेल्या सुताराला गणवेशावरून ओळखून लिफ्ट नाकारली जाणार असेल, स्वच्छतागृह नाकारलं जाणार असेल, तर त्या गणवेशाला माझा विरोध राहील.

म्हणून या अधिवेशनाने तीन ठराव करावेत, अशी माझी विनंती आहे. एक, प्रत्येक कायम कामगाराला धंद्याला साजेसे दोन जोड मोफत देऊ आणि त्यापोटी मजुरीतून कपात करणार नाही. दोन, निविदेत या खर्चाची स्वतंत्र, स्पर्धेबाहेरची बाब असावी, यासाठी शासनाकडे आणि विकासकांकडे आग्रह धरू. तीन, कापड आणि शिवण ठरवताना कामगारांना, विशेषतः महिला कामगारांना, विचारू. शासनाचं उत्तर यायला वेळ लागेल. पहिला आणि तिसरा ठराव मात्र आपल्याच हातात आहे. त्यांची अंमलबजावणी येत्या पगारापासून सुरू करा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!