खताच्या पोत्याचें गणित

बुलढाणा जिल्ह्यांतील चिखली तालुक्याची जमीन बहुतेक काळी. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेली. मृगाचा पाऊस पडला कीं तेथें सोयाबीनच्या पेरणीची घाई सुरू होते, आणि खताच्या दुकानाशीं एकच प्रश्न ऐकूं येतो: "एकराला किती पोतीं टाकावीं?" पेरणीचा पैसा पुष्कळदां कर्जाऊ आणलेला असतो व पीक सर्वस्वीं पावसावर अवलंबून असतें. म्हणून या प्रश्नाचें उत्तर शेजाऱ्याच्या बांधावरून न आणतां हिशेबानें काढणें अगत्याचें आहे.

हिशेबांत पहिली अडचण मापांची. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत लिहिलेलें असतें, गांवांतील बोलणें एकर-गुंठ्यांत चालतें, विद्यापीठाची शिफारस हेक्टरीं किलोंत असते आणि दुकानदार पोतीं मोजतो. आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा त्याहून किंचित् मोठा, १०१ चौरस मीटरांचा. व्यवहारांत दोन्ही सारखेच धरावे आणि हेक्टराचे अडीच एकर समजावे, म्हणजे गणित सोपें होतें.

दुसरी गोष्ट पोत्यावरील आंकड्यांची. ते आंकडे अनुक्रमें नत्र, स्फुरद व पालाश यांचें शेंकडा प्रमाण सांगतात. युरियांत नत्र शेंकडा ४६. त्याचें पोतें २०१८ पासून ५० ऐवजीं ४५ किलोंचें झालें. तेव्हां एका पोत्यांत सुमारें पावणे एकवीस किलो नत्र येतें. डीएपी १८:४६:०, त्याच्या ५० किलोंच्या पोत्यांत ९ किलो नत्र व २३ किलो स्फुरद. सिंगल सुपर फॉस्फेटमध्यें स्फुरद शेंकडा १६ व गंधक सुमारें ११. म्युरेट ऑफ पोटॅशमध्यें पालाश शेंकडा ६०.

आतां प्रत्यक्ष उदाहरण घ्यावें. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाची सोयाबीनसाठीं शिफारस हेक्टरीं ३० किलो नत्र, ७५ किलो स्फुरद व ३० किलो पालाश अशी आहे. अडिचानें भागिलें असतां एकरीं १२, ३० व १२ किलो येतात. हव्या असलेल्या अन्नद्रव्यास १०० नें गुणावें आणि पोत्यावरील आंकड्यानें भागावें. हेंच शाळेंतील त्रैराशिक. ३० किलो स्फुरदासाठीं डीएपी लागेल ३००० भागिले ४६, म्हणजे सुमारें ६५ किलो: एक पोतें व वर १५ किलो. या ६५ किलोंतच पावणेबारा किलो नत्र येऊन जातें. नत्राची गरज १२ किलोंचीच. म्हणजे युरिया विकत घेण्याचें कारणच उरत नाहीं. पालाशासाठीं २० किलो म्युरेट पुरे.

डीएपी न मिळाल्यास दुसरी वाट आहे: सुपर फॉस्फेट १८७॥ किलो, म्हणजे पावणेचार पोतीं, युरिया २६ किलो व म्युरेट २० किलो. वाहतुकीचा व टाकण्याचा खटाटोप वाढतो. परंतु तेलबियांस हवें असणारें गंधक सुमारें २० किलो त्यांतच मिळतें.

याच्या उलट, हिशेब न करतां 'एक पोतें डीएपी, एक पोतें युरिया' हा ठोकताळा लाविला तर काय होतें तें पाहावें. नत्र जवळजवळ ३० किलो पडतें, म्हणजे गरजेच्या अडीचपट. आणि स्फुरद २३ किलोच, म्हणजे ७ किलो कमी. सोयाबीनच्या मुळांवरील गांठींत राहणारे जिवाणू हवेंतील नत्र पिकास मिळवून देतात. आयतें नत्र फार मिळालें कीं गांठी कमी धरतात व झाड पानोऱ्यानें माजतें. शेत हिरवेंगार दिसतें, पण शेंगा त्या मानानें भरत नाहींत. जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यानें गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत लोकांपुढें मांडिलेला नियम हाच कीं, जें अन्नद्रव्य सर्वांत अपुरें त्याच्याच मानानें पीक येतें. दुसरें वाढवून ती तूट भरून निघत नाहीं.

स्फुरदाविषयीं आणखी एक सावधगिरी. काळ्या जमिनींतील चुना त्यास बांधून ठेवितो, आणि तें जमिनींत फारसें सरकत नाहीं. म्हणून तें वर फेंकूं नये. पेरणीच्या वेळींच बियाण्याच्या थोडें खालीं व बाजूस पडेल असें पेरावें.

शिफारस ही सर्वसाधारण जमिनीची असते. आपल्या शेताची माती कशी हें मातीपरीक्षणानेंच कळतें. २०१५ मध्यें सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेचा हेतु तोच. नमुना घेतांना बांध, झाडाची सावली व उकिरड्याची जागा टाळावी, आणि शेतांतील अनेक ठिकाणची माती एकत्र मिसळून त्यांतून थोडी घ्यावी. पत्रिकेंत स्फुरद भरपूर दिसल्यास मात्रा कमी करावी, कमी दिसल्यास वाढवावी. शेणखत घातलें असेल तर तेंहि हिशेबांत धरावें.

एवढें गणित पेरणीच्या धांदलींत होत नाहीं. रोहिणी नक्षत्र चालू असतांनाच सातबारा, मृदा पत्रिका व पोत्यांवरील आंकडे समोर घेऊन, घरांतील शाळकरी मुलाकडून कां होईना, तें कागदावर उतरवून घ्यावें आणि तो कागद घेऊनच दुकानांत जावें.