अंक उलटा पडतो तेव्हा



‘त्रेपन्न’ म्हणताच मूल ३५ लिहिते आणि आपण त्यास ‘ढ’ ठरवितो. मीही शिक्षक असताना अशा एका मुलास बाकावर उभे केले होते. घरच्या सुपारीचा हिशेब मात्र तो अचूक करीत असे.

‘त्रेपन्न’ उच्चारताना तीन आधी येतात, लिहिताना पाच. याच अडचणीस्तव २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणित-पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशा धर्तीचे संख्यावाचनही दिले गेले व त्यावर मोठा वाद झाला.

म्हणून प्रथम पारख करावी. काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे व तीन सुट्या काड्या मुलापुढे ठेवाव्यात. त्या पाहून त्याने ५३ लिहिले, तर अडचण शब्दाची आहे, समजुतीची नव्हे.

परंतु पाच व आठ सुपाऱ्यांत अधिक कोणत्या हेही उमगत नसेल, प्रत्येक बेरीज एकापासूनच मोजावी लागत असेल आणि अनेक महिन्यांच्या सरावानेही फरक पडत नसेल, तर गणन-अक्षमतेची शंका घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. निदान तज्ज्ञांचे, आपले काम नोंद ठेवून पालकांस वेळीच सांगण्याचे.

छडीने अंक सुलटा होत नाही. मूल मात्र शाळेस दुरावते.