ताठ बाजू तासावी

श्रोतेहो, चैत्र लागला, गुढी उभी राहिली, की आपल्या नागपूरला वेध लागतात रामनवमीचे. पोद्दारेश्वर राममंदिरातून शोभायात्रा निघते आणि गर्दीत बापाच्या खांद्यावर बसून लहान लहान राम येतात. डोक्याला मुकुट, हातात धनुष्य. यातलं रामाचं खरं कोणतं? चौदा वर्षं वनवासात मुकुट कुठं होता महाराज? धनुष्य मात्र होतं.

तर आज धनुष्याचीच गोष्ट. रामाच्या आधी एका लेकराच्या धनुष्याची.

एक म्हातारे वाढई होते. सहा वर्षांच्या नातवानं हट्ट धरला, प्लास्टिकचं नको, लाकडाचं खरं धनुष्य पाहिजे. आजोबांनी धामणीची काठी काढली. आपल्या विदर्भात सागवान काय कमी आहे? पण सागवान दाराला, खाटेला. धामण चिवट, वाकते आणि पुन्हा सरळ होते. म्हणून रानातले लोक तिरकमठ्याला तीच शोधतात. काठी सावलीत वाळवली, कारण उन्हात घाई केली की तडा जातो. लांबी लेकराच्या उंचीएवढी धरली. मधे मुठीला जाड, दोन्ही टोकांकडे निमुळती. बाहेरच्या पाठीला हत्यार लावलं नाही. ताण तिथं येतो, तिथली शीर कापली की धनुष्य मोडलंच समजा. तासलं ते आतून, पोटाकडून.

मग सैल दोरी बांधून वीतभरच ओढली आणि उजेडात धरून पाहिलं. खालची बाजू वाकली, वरची ताठच. आजोबा वरची बाजू तासायला लागले. नातू म्हणाला, "आबाजी, चांगली मजबूत बाजू काहून तासता? पतली बाजू जाडी करा ना!"

म्हातारा हसला. "लाकूड जोडता येत नाही बाप्पा, तासताच येते. मजबूत बाजू वाकली नाही, तर सारा ताण पतलीवर. मग मोडन कोण?"

ऐकलं का माय-माउल्यांनो? मोडते ती पतली बाजू. लोक म्हणतात, लाकूडच कच्चं होतं. पण दोष कोणाचा? जी वाकली नाही तिचा! घरात लेकरू रडतं, सून गप्प होते, म्हातारी आई कोपऱ्यात बसते. आपण म्हणतो, यांच्यात दमच नाही. अरे, पण तू किती वाकलास? ज्याच्याकडे बळ आहे, तासून घ्यायचं त्यानं.

दशरथ राजाचं काय झालं? तरुणपणी शब्दवेधी बाण मारायचा. हाताची बाजू मजबूत, विवेकाची पतली. रात्री शरयूकाठी घडा भरल्याचा आवाज आला. राजाला वाटलं, हत्ती पाणी पितो आहे. सोडला बाण. आणि लागला कोणाला? आंधळ्या आईबापासाठी पाणी न्यायला आलेल्या श्रावणबाळाला! राम वनात गेल्यावर दशरथानं शेवटच्या रात्री कौसल्येला हेच सांगितलं, आणि पुत्रशोकात प्राण सोडला. सुटलेला बाण राजालाही परत बोलावता येत नाही.

आता दुसरीकडे पाहा. चित्रकूटावर भरत सैन्यासह येताना दिसला. लक्ष्मण खवळला, आता युद्धच! रामानं काय केलं? भावाला समजावलं. धनुष्य तेच, बळ तेच. पण ताठ बाजू वाकली आणि भरताची भेट झाली. श्रावणबाळ मेला तो दिसण्याआधी बाण सुटला म्हणून. इथं मात्र एक भाऊ भावाच्या हातून वाचला.

तर श्रोतेहो, लेकराला धनुष्य द्या, खुशाल द्या. पण त्या आजोबांसारखं द्या. त्यांनी बाणाला टोक ठेवलं नाही, चिंधीचा बोंडा बांधला. ओढायला हलकं केलं, कारण धनुष्य हाताजोगतं हवं. धनुष्यासाठी हात मोडायचा नसतो. नातवाला दोनच नियम दिले. जिथं दिसत नाही तिथं बाण सोडायचा नाही, माणसावर आणि पाखरावर धरायचा नाही. आणि खेळ संपला की दोरी उतरवायची. रात्रंदिवस ताणलेलं धनुष्य तसंच वाकून राहतं, मग बाण टाकत नाही. दिवसभराचा राग, हिशेब, दुकान, कचेरी, सगळं ताणून घरात येता. उंबऱ्याशी दोरी उतरवा. नाम घ्या. नाम म्हणजे उतरलेली दोरी.

रामनवमीनंतर रामटेकला गडावर जाल तेव्हा पाहा. आधी लक्ष्मणाचं मंदिर लागतं, मागे रामाचं. बळाचं दर्शन आधी घ्या, पण तिथंच थांबू नका. चार पावलं पुढं जा, जिथं बळ वाकतं तिथवर जा.

बोला, प्रभू रामचंद्र महाराज की जय!