मानेची गाठ आणि फसलेले पहारेकरी

(संघाच्या वार्षिक संमेलनात गंगापूर रोड, नाशिक येथे दिलेले व्याख्यान)



मी वैद्य नव्हे. जीवशास्त्र शिकविण्यात हयात घालविलेला एक शिक्षक आहे. तथापि घरात सोसलेल्या एका प्रसंगामुळे हा विषय आपणांपुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

माझ्या पुतणीच्या मानेवर गाठ आली, तेव्हा तिच्या विवाहाची बोलणी चालू होती. ‘गाजावाजा नको’ हा सल्ला मीच दिला. गाठ न तपासताच क्षयाची औषधे सुरू झाली. सहा महिने गेले. गाठ वाढतच राहिली. अखेर ती काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा हॉजकिनचा लिम्फोमा निघाला.

लसीकाग्रंथी म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांच्या चौक्या. लंडनच्या थॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली वर्णिलेल्या या रोगात चौकीतलाच एक पहारेकरी, म्हणजे बी-पेशी, बिघडतो. नवल असे की, गाठीतील शंभर पेशींत अशा बिघडलेल्या पेशी पुष्कळदा एक ते पाचच असतात. बाकीची सारी गर्दी निरोगी रक्षकपेशींची!

ही बिघडलेली पेशी रासायनिक संदेश धाडून रक्षकांना आपल्याभोवती जमविते व त्यांच्याकडूनच स्वतःच्या वाढीस पोषक असे संकेत मिळविते. प्रतिकारास आलेल्या टी-पेशीच्या अंगावर पीडी-१ नावाची जणू एक कळ असते. ती दाबून तिला निष्प्रभ करते. ही कळ १९९२ साली जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडली. २०१८ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. कळ दाबली जाऊ नये अशी औषधेही आता निघाली आहेत.

यातून व्यवहाराचा बोध असा: अपराधी थोडे आणि गर्दी मोठी, म्हणून बारीक सुईने घेतलेल्या नमुन्यात ते निसटू शकतात. यास्तव पुरी गाठ किंवा तिचा पुरेसा तुकडा काढून तपासणे अगत्याचे ठरते.

फसलेल्या रक्षकांना पुन्हा सज्ज करण्याचे काम आपल्या मुंबईतही झाले आहे. बी-पेशींच्या अन्य काही लिम्फोमांत नेहमीचे उपचार थकले, तर रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांना रोगपेशींवरील सीडी-१९ ही खूण ओळखावयास लावून परत शरीरात सोडतात. आयआयटी मुंबई व टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्याने सिद्ध झालेल्या या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले.

माझी पुतणी आज बरी आहे. ते स्थळ मात्र मोडले. रोगापेक्षा आमच्या लपवालपवीमुळे. हा रोग स्पर्शाने लागत नाही, आणि हॉजकिनचे बहुसंख्य रुग्ण योग्य उपचारांनी बरे होतात. तेव्हा बंधुभगिनींनो, दोन-तीन आठवड्यांत न विरणारी गाठ, रेंगाळणारा ताप, रात्रीचा घाम अथवा अकारण घटणारे वजन लपवू नका. आणि बऱ्या झालेल्या मुलामुलींची नावे आपल्या वधूवर-नोंदवहीतून गाळू नका, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.